मोठ्या बिगरबँक वित्तीय कंपन्या: भांडवलाचे गुणोत्तर पाहावे की एकाच समूहात गुंतलेली रक्कम?

ताळेबंद

बिगरबँक वित्तीय कंपन्यांचे तिमाही निकाल जाहीर झाले की बातम्यांत भांडवल पर्याप्ततेचा आकडा, म्हणजे जोखीम लक्षात घेऊन मोजलेल्या मालमत्तेच्या तुलनेत भांडवल किती टक्के, हमखास ठळक असतो. किमान 15 टक्के हवेत, कंपनीकडे 20 आहेत, म्हणजे कंपनी भक्कम, असे म्हणून वाचकही मोकळे होतात. हा आकडा निरुपयोगी आहे असे मी म्हणत नाही. परंतु कंपनीचे किती पैसे एकाच कर्जदाराकडे किंवा एकाच उद्योगसमूहाकडे गुंतले आहेत हे त्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय तो वाचता येत नाही, असे माझे मत आहे. रिझर्व्ह बँकेच्या स्तरनिहाय नियमनातला हा भाग चर्चेत मागे राहतो, म्हणून हा धागा काढत आहे.

सुरुवात सप्टेंबर 2018 पासून करावी लागेल. वांद्रे-कुर्ला संकुलात मुख्यालय असलेल्या आयएल अँड एफएस समूहाने देणी थकवली, तेव्हा समूहाचे एकूण कर्ज 90 हजार कोटी रुपयांच्या वर होते आणि त्याच्या छत्राखाली तीनशेहून अधिक कंपन्या असल्याचे पुढे उघड झाले. त्याआधी काही आठवड्यांपर्यंत पतमानांकन सर्वोच्च होते. समूहातली कर्ज देणारी कंपनी होती आयएल अँड एफएस फायनान्शियल सर्व्हिसेस. बिगरबँक कंपनीने आपल्याच समूहातील कंपन्यांना दिलेली कर्जे, त्यांच्यातील गुंतवणूक आणि ठेवी मिळून स्वनिधीच्या (भागधारकांचे भांडवल आणि साठलेला नफा यांच्या) 10 टक्क्यांपलीकडे गेल्या, तर वरची रक्कम टियर 1 भांडवलातून, म्हणजे तोटा सर्वांत आधी सोसणाऱ्या मुख्य भांडवलातून, वजा करावी लागते, हा नियम तेव्हाही होता. ही वजावट योग्य तऱ्हेने न केल्यामुळे कंपनीचा निव्वळ स्वनिधी आणि भांडवल पर्याप्तता फुगलेली दिसते, असा आक्षेप रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत घेतला गेला होता, आणि गंभीर गुन्हे अन्वेषण कार्यालयाच्या 2019 मधील तक्रारीत तो सविस्तर आला. म्हणजे कागदावरचे गुणोत्तर आणि एकाच समूहातली गुंतवणूक हे दोन वेगळे प्रश्न नव्हतेच. दुसऱ्याकडे डोळेझाक केल्यामुळे पहिल्याचे उत्तर चुकीचे निघाले होते.

यानंतर जानेवारी 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने चर्चापत्र काढले, 22 ऑक्टोबर 2021 रोजी कंपन्यांना चार स्तरांत विभागणारी नियमनाची चौकट जाहीर केली आणि ती 1 ऑक्टोबर 2022 पासून लागू झाली. ठेवी न घेणाऱ्या आणि 1,000 कोटी रुपयांपेक्षा कमी मालमत्ता असलेल्या कंपन्या पायाच्या स्तरात येतात. त्याहून मोठ्या कंपन्या, आणि आकार कितीही असला तरी ठेवी घेणाऱ्या सर्व कंपन्या व गृहवित्त कंपन्या, किमान मधल्या स्तरात असतात. वरच्या स्तरात कोण हे रिझर्व्ह बँक गुणांकन करून दरवर्षी ठरवते. मालमत्तेनुसार पहिल्या दहा कंपन्या तेथे असतातच. एकदा तेथे पोहोचलेल्या कंपनीला निदान पाच वर्षे वाढीव नियम पाळावे लागतात आणि तीन वर्षांत शेअर बाजारात नोंदणी करावी लागते. सर्वांत वरचा चौथा स्तर रिकामाच राहावा अशी अपेक्षा आहे. सप्टेंबर 2022 च्या पहिल्या यादीत 16 नावे होती, जानेवारी 2025 च्या यादीत 15. त्यांत पुण्याची बजाज फायनान्स, मुंबईच्या एल अँड टी फायनान्स आणि महिंद्र फायनान्स, चेन्नईची चोलामंडलम, केरळची मुथूट अशी परिचित नावे आहेत.

भांडवलाचे नियम थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना ठाऊक आहेत. मधल्या आणि वरच्या स्तरासाठी जोखीमभारित मालमत्तेच्या (प्रत्येक कर्जाला त्याच्या प्रकारानुसार ठरलेला जोखमीचा टक्का, म्हणजे जोखीमभार, लावून केलेल्या बेरजेच्या) 15 टक्के एकूण भांडवल हवे, त्यात टियर 1 किमान 10 टक्के. सोनेतारण हाच मुख्य व्यवसाय असेल तर टियर 1 किमान 12 टक्के. वरच्या स्तरासाठी नवी अट म्हणजे कॉमन इक्विटी टियर 1, अर्थात समभाग भांडवल आणि साठलेला नफा यांतून काही वजावटी केल्यानंतर उरणारे खरे भांडवल, किमान 9 टक्के असावे. बहुतेक मोठ्या खासगी कंपन्यांना ही अट जड गेली नाही, कारण त्यांचे टियर 1 मुख्यतः याच प्रकारचे होते. मला या अटीचे महत्त्व आजच्यापेक्षा पुढच्या काळासाठी वाटते: उद्या एखादी कंपनी कायमस्वरूपी रोख्यांसारख्या साधनांवर टियर 1 उभारू लागली, तर तिला मर्यादा पडेल.

आता मुख्य मुद्दा. पूर्वी कर्जासाठी वेगळी, गुंतवणुकीसाठी वेगळी आणि दोन्ही मिळून तिसरी अशी मर्यादांची गुंतागुंत होती, आणि ती स्वनिधीच्या प्रमाणात मोजली जाई. मधल्या स्तरासाठी आता एकच मोजणी आहे: टियर 1 भांडवलाच्या 25 टक्के एका कर्जदारासाठी आणि 40 टक्के एका समूहासाठी. वरच्या स्तरासाठी 19 एप्रिल 2022 च्या परिपत्रकाने बँकांच्या धर्तीवर अधिक कडक चौकट आणली. एका पक्षकारासाठी (ज्याच्याकडे कंपनीचे पैसे गुंतले आहेत त्याच्यासाठी) टियर 1 च्या 20 टक्के, संचालक मंडळाच्या मान्यतेने आणखी 5 टक्के. परस्परसंबंधित पक्षकारांच्या समूहासाठी 25 टक्के. पायाभूत सुविधांसाठीच्या कर्जाला एका पक्षकाराबाबत 5 टक्के जादा मुभा आहे, मात्र एकूण 25 च्या वर जाता येत नाही. समूहासाठी ती मुभा 10 टक्क्यांची आहे. पायाभूत सुविधा वित्त कंपन्यांच्या मर्यादा याहून सैल आहेत. टियर 1 च्या 10 टक्के किंवा त्याहून अधिक असलेली कोणतीही रक्कम मोठे एक्स्पोजर (एकाकडे गुंतलेली, जोखमीतली रक्कम) समजली जाते. यात केवळ दिलेले कर्ज नाही, तर गुंतवणूक आणि ताळेबंदाबाहेरची हमीसारखी बांधिलकीही येते. केंद्र आणि राज्य सरकारांवरील शून्य जोखीमभार असलेल्या रकमांना सूट आहे.

काल्पनिक आकडे घेऊन पाहू. एका कंपनीचे टियर 1 भांडवल 12,000 कोटी आणि जोखीमभारित मालमत्ता 80,000 कोटी रुपये आहे, म्हणजे टियर 1 गुणोत्तर 15 टक्के. तिने एका समूहाला कमाल मर्यादेइतके, म्हणजे 3,000 कोटी दिले आणि ते सगळे बुडाले, असे अगदी वाईट गृहीत धरू. भांडवल 9,000 कोटी उरेल, जोखीमभार 100 टक्के धरला तर मालमत्ता 77,000 कोटी होईल आणि गुणोत्तर 11.7 टक्क्यांवर येईल. दुखेल, पण कंपनी उभी राहील. आता त्याच कंपनीने त्याच समूहाला 9,000 कोटी दिले असते तर? बुडण्यापूर्वी गुणोत्तर तेच 15 टक्के दिसले असते. बुडाल्यानंतर 3,000 कोटी भांडवल आणि 71,000 कोटी मालमत्ता, म्हणजे जेमतेम 4.2 टक्के. संकट येण्याच्या आदल्या दिवशी या दोन कंपन्यांमधला फरक भांडवलाच्या आकड्यात कोठेही दिसत नाही. जोखीमभार कर्जाच्या प्रकाराला लागतो, पैसे एकाकडे आहेत की हजारांकडे हे तो विचारत नाही.

कोकणकडा

मांडणी पटली, पण एक मूलभूत शंका आहे. बँकांना एकूण 9 टक्के आणि वरचा अडीच टक्क्यांचा संरक्षक थर धरून साडेअकरा टक्के भांडवल पुरते. मग बिगरबँक कंपन्यांना 15 टक्के कशासाठी? दोघांचा धंदा कर्ज देण्याचाच असेल, तर हा भेदभाव नव्हे काय?

ताळेबंद

कोकणकडा, दोन्ही गुणोत्तरांचे छेद सारखे नाहीत. बँकांमध्ये मोठ्या कंपन्यांच्या कर्जाचा जोखीमभार पतमानांकनानुसार बदलतो. सर्वोच्च मानांकनाच्या कंपनीला तो 20 टक्के आहे. बिगरबँक कंपनीत बहुतेक कर्जांना सरसकट 100 टक्के लागतात, मग कर्जदार नावाजलेला असो वा नवखा. त्यामुळे 15 विरुद्ध साडेअकरा ही तुलना थेट करता येत नाही.

दुसरे कारण रोखतेचे आहे. बँकेकडे रिझर्व्ह बँकेच्या रोज चालणाऱ्या उसनवारीच्या खिडकीची सोय असते, चालू आणि बचत खात्यांचा पैसा असतो, ठेवविम्याचे कवच असते. बिगरबँक कंपनी बँकांकडून आणि रोखे बाजारातून पैसे उचलते, आणि 2018 च्या शेवटच्या तिमाहीत म्युच्युअल फंडांनी कमर्शियल पेपरच्या (कंपन्यांच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांच्या) नूतनीकरणात हात आखडता घेतला तेव्हा काय झाले ते आपण पाहिले आहे. तेव्हा भांडवलाची जाड उशी हवी, हे मला पटते.

रजनीगंधा

माझा प्रश्न कदाचित धाग्याच्या पातळीचा नसेल, तरी विचारते. माझ्या सासऱ्यांनी निवृत्तीनंतर मिळालेल्या रकमेतील बराच भाग एका मोठ्या बिगरबँक कंपनीच्या मुदत ठेवीत ठेवला आहे, कारण व्याज बँकेपेक्षा थोडे अधिक मिळते. कंपनी वरच्या स्तरात असल्यामुळे ठेव सुरक्षित आहे, असे त्यांना एजंटाने सांगितले. हे कितपत खरे आहे?

ताळेबंद

रजनीगंधा ताई, प्रश्न अगदी योग्य ठिकाणी विचारलात. वरच्या स्तरात असणे म्हणजे अधिक कडक देखरेखीखाली असणे, एवढाच त्याचा अर्थ. तो हमीचा शिक्का नव्हे. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे 5 लाख रुपयांपर्यंत ठेव विमा आणि पतहमी महामंडळाचे संरक्षण असते, ते बिगरबँक कंपनीच्या ठेवीला नाही. त्याऐवजी काही बंधने आहेत: कंपनीला गुंतवणूकयोग्य पतमानांकन लागते, निव्वळ स्वनिधीच्या दीडपटीपेक्षा जास्त ठेवी घेता येत नाहीत आणि मुदत 12 ते 60 महिन्यांचीच असावी लागते. सगळी रक्कम एकाच कंपनीत असेल तर मुदत संपेल तशी ती विभागावी, असे मी सुचवीन. कंपनीला लागू होणारी एकवटीकरण टाळण्याची, म्हणजे पैसे एकाच ठिकाणी साचू न देण्याची, शिस्त ठेवीदारानेही स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही. एजंटाचे वाक्य मात्र त्याच्याकडून लेखी मागून पाहा, बहुधा मिळणार नाही.

वसुलीदप्तर

मी अनेक वर्षे एका वित्त कंपनीच्या कर्जमंजुरी विभागात काम केले आहे, म्हणून प्रत्यक्षातली अडचण सांगतो. 20 किंवा 25 टक्के ही संख्या सोपी आहे. अवघड आहे ते "एक समूह" म्हणजे कोण हे ठरवणे.

परिपत्रकात दोन कसोट्या आहेत. पहिली नियंत्रणाची: एका कंपनीकडे दुसरीचे निम्म्याहून अधिक मताधिकार असतील तर प्रश्नच उरत नाही, पण संचालक नेमण्याचा अधिकार किंवा करारातून आलेला प्रभावही पाहावा लागतो. दुसरी आर्थिक परस्परावलंबनाची: एकाचा धंदा बसला तर दुसऱ्याचा बसेल काय? एखाद्या कंपनीची निम्मी किंवा अधिक उलाढाल दुसऱ्या एकाच कंपनीशी असेल, किंवा दोघांची परतफेड एकाच उत्पन्नावर अवलंबून असेल, तर मालक वेगळे असले तरी ते एकाच जोखमीत आहेत असे धरायचे.

आता मुंबई-ठाण्यातला विकासक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक प्रकल्पाला वेगळी कंपनी, कोठे जमीनमालकाशी भागीदारी, कोठे पुनर्विकासासाठी मेव्हण्याच्या नावावरची मर्यादित दायित्व भागीदारी. कागदोपत्री भागधारणा अशी विखुरलेली असते की नियंत्रणाच्या कसोटीत काहीच अडकत नाही. पण एका प्रकल्पाची विक्री थांबली की दुसऱ्याच्या खात्यातून पैसे वळवले जातात आणि चार कंपन्यांचे हप्ते एकाच महिन्यात थकतात. आमच्याकडे मंजुरीच्या टिपणीत "संबंधित कंपन्या" हा रकाना होता. त्यात कर्जदार लिहून देईल ती नावे चढत. बँक खात्यांच्या उताऱ्यांवरून कोणाचे पैसे कोठे जातात हे काढणारा एक सहकारी होता, तो शाखाप्रमुखांत फारसा लोकप्रिय नव्हता.

प्रतिवादी

धागाकर्त्यांच्या मूळ दाव्यावर माझा आक्षेप आहे. एक्स्पोजर मर्यादेने मोठी संकटे टळली असती असे सुचवणे अतिशयोक्त आहे. डीएचएफएल या गृहवित्त कंपनीचे उदाहरण घ्या. 2019 मध्ये कंपनी कोसळली आणि त्या नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने संचालक मंडळ बरखास्त केले. पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाच्या गुन्हा नोंदीत असा आरोप होता की वांद्रे येथील एका काल्पनिक शाखेत सुमारे 2.60 लाख गृहकर्ज खाती दाखवली गेली, त्यांची एकूण रक्कम 14,046 कोटी रुपये होती, आणि तो पैसा प्रत्यक्षात भलत्याच कंपन्यांकडे गेला. हा आरोप खरा धरला, तर कागदावर एक्स्पोजर अडीच लाख कुटुंबांत विखुरलेले दिसते! तुमची 25 टक्क्यांची मर्यादा अशा ठिकाणी समाधानाने मान डोलावेल.

ताळेबंद

प्रतिवादी, तुमचा आक्षेप सोडून देण्यासारखा नाही. खोट्या खात्यांवर कोणतेही गुणोत्तर चालत नाही; तेथे लेखापरीक्षण आणि तपासणी हीच साधने. त्या दिशेनेही बदल झाले आहेत: एप्रिल 2021 च्या निर्देशांनुसार 15,000 कोटी आणि त्याहून अधिक मालमत्तेच्या कंपन्यांना संयुक्त लेखापरीक्षण सक्तीचे झाले आणि लेखापरीक्षक सलग तीन वर्षांपेक्षा अधिक राहू शकत नाही. तरीही एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. आयएल अँड एफएसच्या कर्ज देणाऱ्या कंपनीबाबतचा वाद खोट्या नावांपुरता नव्हता. समूहात कोणाला धरायचे आणि किती वजा करायचे, यावर तो होता. तेथे व्याख्या स्पष्ट असती आणि तपासणीतला आक्षेप वेळेत अमलात आला असता, तर आकडा आधीच लाल दिसला असता. मर्यादा फसवणूक पकडत नाही हे मान्य. परंतु वसुलीदप्तर म्हणतात त्या प्रकारची, फसवणूक नसलेली पण एकाच ठिकाणी साचलेली जोखीम व्यवहारात कितीतरी अधिक आढळते.

निळाई

माझा छोटा तांत्रिक प्रश्न. मर्यादा टियर 1 च्या प्रमाणात असेल तर तोट्याच्या वर्षी टियर 1 घटते आणि जुने, नियमात बसणारे कर्ज अचानक मर्यादेबाहेर जाते. तेव्हा कंपनीने काय करायचे? कर्ज परत मागायचे?

ताळेबंद

निळाई, अशा उल्लंघनाची सूचना रिझर्व्ह बँकेला तत्काळ द्यावी लागते आणि ते लवकर दुरुस्त करावे लागते. मर्यादेत येईपर्यंत त्या पक्षकाराला किंवा समूहाला नवे काहीही देता येत नाही. कर्ज परत मागण्याची गरज बहुधा पडत नाही. नवे भांडवल आणणे, कर्जाचा हिस्सा दुसऱ्या संस्थेला विकणे किंवा रोख तारण घेऊन एक्स्पोजर कमी करणे हे मार्ग असतात. तुमच्या प्रश्नात दडलेली गोष्ट मात्र खरी आहे: हा नियम वाईट काळात आपोआप अधिक घट्ट होतो. म्हणूनच शहाणी कंपनी अंतर्गत मर्यादा 20 ऐवजी 12 किंवा 15 वर ठेवते.

विद्युतवाहिनी

सरकारी कंपन्यांचा उल्लेख कोणीच केला नाही. पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन आणि आरईसी या देशातल्या सर्वांत मोठ्या बिगरबँक कंपन्यांपैकी आहेत, तरी सरकारी मालकीच्या कंपन्यांना तूर्त वरच्या स्तरात घ्यायचे नाही असे मूळ चौकटीतच म्हटले आहे. त्या मधल्या स्तरात राहतात. त्यांचे मोठे कर्जदार म्हणजे राज्यांच्या वीजनिर्मिती आणि वितरण कंपन्या, आपल्या महावितरणसह. एकवटलेली जोखीम शोधायची असेल तर ती येथे आहे, कारण एखाद्या राज्याच्या वीज कंपन्यांचे दुखणे एकाच तिजोरीशी जोडलेले असते. येथेच चौकट सैल का?

ताळेबंद

विद्युतवाहिनी, यावर माझे तुमच्याशी एकमत आहे. सरकार मालक आहे म्हणून कंपनी बुडू दिली जाणार नाही, हा युक्तिवाद कर्जरोखे घेणाऱ्यांना दिलासा देतो. पण एक्स्पोजर मर्यादेचा हेतू कंपनी वाचवणे एवढाच नसून एका क्षेत्रात किती पैसा ओतला जातो त्याला आळा घालणे हाही आहे. व्यावहारिक अडचण मात्र समजते. या दोन कंपन्यांना उद्या 20 आणि 25 टक्के लावले, तर कमकुवत राज्यांच्या वितरण कंपन्यांना तेवढ्या रकमेचा दुसरा सावकार मिळणे कठीण आहे. तरी कायमची सूट आणि दीर्घ संक्रमणकाळ यांत फरक आहे, आणि मी दुसऱ्याच्या बाजूने आहे.

कोकणकडा

आणि टाटा सन्स? तीही वरच्या स्तराच्या यादीत होती ना?

ताळेबंद

होती. ती कर्ज देणारी कंपनी नसून समूहाचे भाग धारण करणारी कोअर इन्व्हेस्टमेंट कंपनी आहे, त्यामुळे तिच्या भांडवलाचे गणितच वेगळे: समायोजित निव्वळ संपत्ती जोखीमभारित मालमत्तेच्या किमान 30 टक्के आणि बाहेरील देणी त्या संपत्तीच्या कमाल अडीचपट. तिने कर्ज फेडून नोंदणी परत करण्याचा अर्ज केला. जानेवारी 2025 च्या यादीत नाव कायम ठेवताना तो अर्ज विचाराधीन असल्याचे रिझर्व्ह बँकेने नमूद केले होते. बाजार नोंदणीच्या अटीमुळे तिची चर्चा फार झाली, पण या धाग्याच्या विषयाशी तिचा संबंध थोडाच आहे. त्याच अटीच्या छायेत बजाज हाउसिंग फायनान्स सप्टेंबर 2024 मध्ये, तर एचडीबी आणि टाटा कॅपिटल 2025 मध्ये बाजारात आल्या.

रजनीगंधा

उत्तराबद्दल आभार. शेवटचे एक विचारते: सामान्य माणसाला एखाद्या कंपनीचे हे एकवटीकरण वार्षिक अहवालात कोठे पाहता येईल? समभाग विश्लेषकांची भाषा मला येत नाही.

वसुलीदप्तर

ताई, याचे उत्तर मी देतो. अहवालाच्या शेवटी लेख्यांवरील टिपा असतात, त्यांत रिझर्व्ह बँकेला अपेक्षित माहितीचा भाग शोधा. वीस सर्वांत मोठ्या कर्जदारांना मिळून दिलेली रक्कम आणि एकूण कर्जातील तिची टक्केवारी हा तक्ता पाहा. ती रक्कम त्याच अहवालातल्या टियर 1 भांडवलाच्या शेजारी लिहून काढा. किरकोळ कर्जे देणाऱ्या कंपनीत ती अगदी लहान दिसेल, घाऊक कर्जे देणाऱ्या कंपनीत टियर 1 च्या बरोबरीला किंवा पुढेही गेलेली असू शकेल. समूहांतर्गत एक्स्पोजरचा तक्ता त्याच भागात असतो, त्यात आपल्याच समूहातील वीस मोठी एक्स्पोजर मिळून किती ते दिलेले असते. स्थावर मालमत्ता क्षेत्राचा आणि भांडवली बाजाराचा तक्ताही तेथेच सापडेल. मागच्या वर्षीचा आकडा बाजूच्या रकान्यात असतो. एकूण कर्ज फारसे न वाढता वीस कर्जदारांचा वाटा वाढलेला दिसला, तर सासऱ्यांच्या ठेवीच्या नूतनीकरणापूर्वी तो अहवाल मला पाठवा, आपण मिळून वाचू.